सायकल चोरीस गेल्यानंतर

सायकलीची चोरी ही वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी बातमी नव्हे. मोटार किंवा मोटारसायकल चोरीस गेली, तर तिची नोंदणी असते, विमा असतो, शेजारीपाजारी येऊन विचारपूस करतात. सायकल गेली, तर ‘चला, सायकलीवरच निभावले’ असे म्हणून लोक सांत्वन करतात. ज्याचे कार्यालयात जाणे-येणे त्या सायकलीवर अवलंबून होते, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता तिची खरी किंमत कळते.

कार्यालयात जाणाऱ्याची सायकल म्हटली, की एके काळी काळ्या रंगाची, अठ्ठावीस इंची चाकांची, मागे कॅरिअर आणि पुढे डायनॅमोचा दिवा असलेली दणकट सायकल डोळ्यांसमोर येई. ती आजही मिळते आणि आजही उत्तम आहे. परंतु गेल्या पंधरा वर्षांत पुणे, बंगळुरू, हैदराबाद, चंडीगड अशा शहरांतील काही नोकरदार वाकड्या हॅन्डलच्या, अरुंद टायरच्या, दहा-अकरा किलो वजनाच्या ‘रोड बाइक’कडे वळले. पूर्वी जिला आपण ‘रेसर’ म्हणत असू, तिचीच ही सुधारित आवृत्ती. वजनाने जुन्या सायकलीच्या जवळजवळ निम्मी आणि किमतीने कित्येक पट अशी ही वस्तू चोरास अधिक सोयीची वाटावी, यात नवल नाही.

अशी सायकल गेल्यानंतर दुसरी निवडताना विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बहुतेक जण सुरुवात दुकानापासून करतात. कोणती कंपनी, किती गिअर, कोणता रंग हे आधी ठरते. कुलूप शेवटी, उरलेल्या पैशांत येते. आमच्या मते हा क्रम नेमका उलट असावयास हवा. घरापासून कार्यालय दहा किलोमीटर असेल, तर सायकल दिवसाकाठी जेमतेम तासभर चालते. उरलेले तेवीस तास ती कोठे तरी उभी असते. चोरी होते ती या तेवीस तासांत. तेव्हा प्रथम उभे राहण्याची जागा, मग कुलूप आणि मग सायकल.

पहिला आठवडा

दुकानाकडे वळण्यापूर्वी पोलीस ठाण्याकडे वळणे आवश्यक आहे. सायकल मिळण्याची आशा नसली तरीही तक्रार द्यावी, कारण विम्याचा दावा करावयाचा असो किंवा पुढेमागे सायकल सापडल्यावर ती आपली असल्याचे दाखवावयाचे असो, नोंदीवाचून दोन्ही अडते. तक्रार ‘वस्तू गहाळ’ अशी न देता ‘चोरी’ अशीच द्यावी. दि. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून चोरीचा गुन्हा तिच्या कलम ३०३ खाली येतो. नव्या व्यवस्थेत एक बारकावा असा, की उघड्यावरून झालेल्या साध्या चोरीत मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून तक्रारीसोबत खरेदीचे बिल जोडावे. तीस हजारांची सायकल ‘जुनी सायकल, अंदाजे किंमत चार हजार’ अशी नोंदली गेली, तर तपासाचा मार्ग तेथेच अरुंद होतो. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र त्या दुसऱ्या प्रकारात तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते.

सायकलीस परिवहन कार्यालयाची नोंदणी नसते. मालकीचा पुरावा म्हणजे बिल आणि फ्रेमवर कोरलेला क्रमांक. हा क्रमांक बहुधा फ्रेमच्या तळाशी, पेडलचा दांडा जेथून जातो त्या नळकांड्याच्या खालच्या बाजूस असतो. आपल्याकडे नगरपालिका सायकलींवर कर घेत व पितळी बिल्ला देत. त्या बिल्ल्याचा लोकांना तेव्हा वैतागच होता. जपानमध्ये मात्र १९९४ पासून प्रत्येक सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी सक्तीची आहे. आपल्याला तशी सोय नाही. ती उणीव बिलावर फ्रेमचा क्रमांक लिहून घेऊन आपली आपणच भरून काढावी लागते.

याच आठवड्यात आणखी एक काम करून ठेवावे. गेलेली सायकल आपल्या मागे बरीच माहिती ठेवून जाते. चढावर कोणत्या गिअरची उणीव भासे, कोणते गिअर वर्षभरात एकदाही वापरले नाहीत, हाताचे तळवे बधिर होत होते काय, मान दुखत होती काय, पंक्चर किती वेळा झाले, हे सारे आठवते आहे तोवर कागदावर उतरवावे. ‘तीच सायकल पुन्हा घ्यावी’ ही इच्छा स्वाभाविक आहे. पण त्या कागदावर तक्रारींची संख्या मोठी निघाली, तर ती इच्छा आपोआप मावळते.

नवी सायकल येईपर्यंत घरातील किंवा नातलगांकडील धूळ खात पडलेली एखादी साधी सायकल दुरुस्त करून वापरावी. दोन-तीनशे रुपयांचे काम असते आणि त्यामुळे घाईने खरेदी करण्याचे दडपण राहत नाही. काही जणांना या दोन महिन्यांत असेही आढळते, की पाच किलोमीटरच्या सपाट रस्त्यासाठी ही साधी सायकलच पुरेशी आहे.

सायकल कोठे उभी राहणार?

बँकेच्या शाखेत तिजोरीला दोन किल्ल्या, गजर आणि रखवालदार असतात, आणि त्याच शाखेतील कर्मचाऱ्याची तीस हजारांची सायकल समोरच्या पदपथावर वीजवितरणाच्या खांबाशी उभी असते. यावर फार भाष्य करण्याची आवश्यकता नाही. कार्यालयातील जागेची चौकशी सायकलीच्या चौकशीआधी करावी. इमारतीच्या मागील बाजूस, जनरेटरजवळ, जिन्याखाली किंवा नोंदवह्यांच्या खोलीबाहेर दोन मीटर लांबीची मोकळी भिंत असेल, तर तीत लोखंडी कडी पक्की बसवून घेता येते. खर्च किरकोळ असतो. परवानगी मात्र वरिष्ठांची लागते, आणि ती मागितल्याखेरीज मिळत नाही. इमारत भाड्याची असल्यास जागामालकासही विचारावे लागेल. ग्राहकांपैकी ज्यांची स्वतःची दुकाने किंवा कार्यालये आहेत, त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी अशी सोय केली, तर तिचा उपयोग पगारवाढीइतका नसला तरी त्याच्या खालोखाल निश्चितच होईल.

जागेचे उत्तर मिळाले, की सायकलीचा प्रकारही बराचसा ठरून जातो. सायकल आत, नजरेसमोर ठेवता येत असेल, तर आपल्या ऐपतीप्रमाणे चांगली रोड बाइक घेण्यास हरकत नाही. ती रेल्वे स्थानकाबाहेर दिवसभर राहणार असेल, तर तेथे महागडी सायकल ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे जुन्या पद्धतीची किंवा एकाच गिअरची हलकी सायकल योग्य. जागा मुळीच नसेल, तर घडीची सायकल हा तिसरा मार्ग आहे. ती टेबलाखाली मावते. शिवाय मेट्रोच्या प्रवासातही तिचा उपयोग होऊ शकतो. कोची मेट्रोने २०२० मध्ये गाडीत सायकल नेण्याची मुभा दिली, त्यानंतर मुंबईच्या काही मार्गांवरही तशी सोय झाली. आपल्या शहरातील नियम पाहून घ्यावा. खड्ड्यांच्या रस्त्यावर घडीच्या सायकलीची लहान चाके त्रास देतात, हे मात्र ध्यानी असू द्यावे.

घरचीही तीच गोष्ट. सोसायटीच्या वाहनतळावरून सायकली जातात, कारण तेथे सर्वांचा वावर असतो आणि कोणी कोणास हटकत नाही. दहा किलोची सायकल दोन मजले वर नेणे अवघड नाही. पाचव्या मजल्यावर उद्वाहनाशिवाय राहणाऱ्यास ते अवघड आहे, आणि त्याने वजन हा निकष सर्वांत वर ठेवावा.

कुलपाविषयी

जुन्या सायकलीला मागच्या चाकावर बसवलेले अर्धगोल कुलूप असते. ते चाक फिरू देत नाही, पण सायकल कशालाही बांधत नाही. वीस किलोंची सायकल उचलून नेताना चोराची पंचाईत होत असे. दहा किलोंची सायकल खांद्यावर टाकून तो चालू लागतो. आकड्यांच्या जुळणीची, प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली तारेची कुलपे तर पक्कडीने काही क्षणांत तुटतात. ती पुढच्या चाकासाठी किंवा शिरस्त्राण अडकवण्यासाठी ठीक.

मुख्य कुलूप कडक पोलादाचे, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे असावे, किंवा जाड पोलादी साखळीचे. ब्रिटनमधील ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था कुलपे प्रत्यक्ष तोडून पाहते आणि त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. अशी श्रेणी असलेली कुलपे आपल्याकडेही मिळतात. वजन किलो-सव्वा किलो भरते. हलकी सायकल घ्यावयाची आणि तिच्यावर सव्वा किलोचे लोखंड वाहावयाचे, हे हास्यास्पद वाटेल; त्यावर उपाय म्हणजे जड कुलूप कार्यालयातील कडीलाच कायम लावून ठेवणे. किल्लीचा प्रकारही पाहावा. अमेरिकेत २००४ साली एका नामांकित कंपनीचे गोल किल्लीचे कुलूप बॉलपेनच्या नळीने उघडते, असे उघडकीस आले आणि कंपनीला ती कुलपे बदलून द्यावी लागली. चपट्या किल्लीचे कुलूप घ्यावे.

कुलूप लावण्याची रीत कुलपाइतकीच महत्त्वाची. शेल्डन ब्राउन या अमेरिकन कारागिराने (निधन २००८) सुचविलेली पद्धत आजही उपयोगी आहे. फ्रेमच्या मागच्या बाजूस नळ्यांचा एक त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाच्या आत येणारा मागच्या चाकाचा भाग आणि बाहेरची कडी एवढेच कुलपात घ्यावे. फ्रेमची नळी कुलपात आली नाही तरी चालते, कारण अडकलेले चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही. एकाच लहान कुलपात चाक आणि फ्रेम दोन्ही सुरक्षित होतात, आणि कुलूप जितके लहान तितकी त्यात पहार घालण्यास जागा कमी. पुढचे चाक दांडी फिरवून सुटणारे असेल, तर ती दांडी काढून पान्याने आवळण्याचा बोल्ट बसवावा.

सायकलीची निवड

आता दुकानात जाण्यास हरकत नाही. तेथे प्रथम माप. अनवाणी उभे राहून, पायांच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतची उंची सेंटीमीटरमध्ये मोजावी व तिला ०.६६ ने गुणावे. ८० सेंटीमीटर उंचीस साधारण ५३ सेंटीमीटरची फ्रेम येते. हा प्राथमिक अंदाज आहे. आजकालच्या फ्रेमची वरची नळी उतरती असते आणि कंपन्या एस, एम, एल अशी मापे देतात, म्हणून कंपनीचा तक्ता पाहून प्रत्यक्ष बसून पाहावे. सवलतीत मिळते म्हणून एक माप मोठी सायकल घेणे हा व्यवहार दीर्घकाळ महागात पडतो. सीट वरखाली करता येते. फ्रेमची लांबी बदलता येत नाही.

टायरची रुंदी हा आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न. शर्यतीच्या सायकलींस तेवीस किंवा पंचवीस मिलिमीटरचे टायर असत. अरुंद टायरमध्ये हवा कडक ठेवावी लागते. ती थोडी जरी उतरली आणि खड्डा आला, की रिम ट्यूबवर आपटून शेजारीशेजारी दोन भोके पडतात. रोजच्या वापरासाठी किमान अठ्ठावीस आणि शक्य तर बत्तीस मिलिमीटरचा टायर बसेल अशी फ्रेम असावी. दुकानदारास ‘बत्तीसचा टायर मडगार्डसह बसेल काय?’ असा नेमका प्रश्न विचारावा. दुकानात अठ्ठावीसचा टायर लावलेल्या कित्येक फ्रेममध्ये मडगार्डला जागाच नसते.

येथे मापांचा एक घोळ सांगणे आवश्यक आहे. रोड बाइकच्या ‘७००-सी’ चाकाच्या रिमचा टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलीचा ६३५ मिलिमीटर. दोन्ही चाकांना बोलीभाषेत ‘अठ्ठावीस’ म्हणतात, परंतु एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. म्हणून नवा टायर घेताना जुन्यावर छापलेली ‘२८-६२२’ अशी जोडसंख्या पाहावी. हवा भरण्याचा वॉल्व्हही निराळा, बारीक असतो. रस्त्यावरील पंपाची नळी त्यावर बसत नाही. काही रुपयांत मिळणारी पितळी टोपी नेहमी पिशवीत ठेवली, की भागते.

पावसाळ्याचे चार महिने कार्यालयात सायकलीनेच जाणाऱ्याने ब्रेककडे लक्ष द्यावे. रिमवर दाबणारे ब्रेक ओल्या रिमवर क्षणभर उशिरा पकडतात, आणि चिखलातील वाळूने रिम झिजते. डिस्क ब्रेकमध्ये हे दोष कमी. त्यातही तेलाच्या दाबावर चालणारे आणि तारेने ओढले जाणारे असे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार अधिक सरस, हे मान्य करूनही आम्ही दुसऱ्याची शिफारस करू. आपल्या वाचकांत बदलीच्या नोकरीतील मंडळी पुष्कळ आहेत. आज बंगळुरूस असलेला अधिकारी उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी जाईल. तेथील सायकल दुरुस्तीवाल्याकडे तार असेल, ब्रेकचे तेल आणि ते भरण्याचे साधन बहुधा नसेल.

गिअरबाबतही हीच दृष्टी ठेवावी. गिअरची एकूण संख्या मोठी असण्यात काही अर्थ नाही; सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, ते पाहावे. पुढे ३४ आणि मागे ३२ दात असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. घाटासारखा चढ चढण्यास हे पुरते. पुढे ५० आणि मागे ११ दात असा सर्वांत जड गिअर घेतला, तर एका फेरीत सायकल पावणेदहा मीटर जाते. शहरातील गर्दीत तो वर्षातून चार वेळाही वापरला जाणार नाही. मागच्या बाजूस आठ चकत्या असलेली शिमानोची ‘क्लॅरिस’ ही साधी श्रेणी रोजच्या वापरास पुरेशी आहे. तिची साखळी स्वस्त असते आणि ती सहज मिळते. अकरा चकत्यांची साखळी महाग, आणि धुळीत झिजते दोन्हीही.

फ्रेम ॲल्युमिनियमची असो वा चांगल्या पोलादाची, फारसा फरक पडत नाही. कार्बनची मात्र या कामासाठी नको. लोखंडी कडीवर रोज आपटणारी, शेजारच्या स्कूटरचा धक्का खाणारी ती वस्तू नव्हे. मागच्या चाकाच्या आसाजवळ मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी आट्यांची लहान भोके आहेत ना, हे वाकून पाहावे. कॅरिअर नसेल, तर पिशवी पाठीवर येते. आणि पाठीवर पिशवी घेऊन दहा किलोमीटर आलेल्या माणसाचा इस्त्रीचा सदरा काउंटरवर बसण्याच्या स्थितीत राहत नाही.

वापरलेली सायकल घेण्याचा पर्याय किफायतशीर असतो, परंतु ज्याची सायकल चोरीस गेली आहे त्याने तरी मूळ बिलाशिवाय ती घेऊ नये. फ्रेमचा क्रमांक घासलेला असेल, तर तेथून निघून यावे. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असतानाही, तो अप्रामाणिकपणे घेणे न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

पैशाची बाजू

समजा, एकूण तीस हजार रुपये हाताशी आहेत. त्यांतील तीन हजार कुलपासाठी आणि आणखी तीन हजार मडगार्ड, दिवे, जादा ट्यूब यांसाठी बाजूला काढावेत व चोवीस हजारांची सायकल शोधावी. दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमतीची पाटी तशीच दिसल्यास विचारणा करावी.

रोज वीस किलोमीटर आणि महिन्यास चोवीस दिवस धरले, तर ४८० किलोमीटर होतात. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणारी स्कूटर आणि शंभर रुपये लिटर असा हिशेब केला, तरी महिन्याकाठी हजारावर रुपये वाचतात. म्हणजे चोवीस हजारांची सायकल दोन वर्षांत स्वतःची किंमत वसूल करते. अर्थात ती दोन वर्षे आपल्याकडे राहिली तर.

हप्त्यांवर खरेदी करताना ही शेवटची अट लक्षात घ्यावी. सायकल गेली, तरी हप्ते जात नाहीत. दारात सायकल नाही आणि खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेस रक्कम वळती होत आहे, हा अनुभव सायकल गमावण्याहूनही जिव्हारी लागतो. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दप्रयोगाविषयी तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल केले जाते. एकरकमी दिल्यास किती सूट मिळेल, हे विचारले म्हणजे त्या योजनेतील व्याज आपोआप दिसू लागते. ज्यांना घाई नाही, त्यांनी दहा-बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडून रोखीने खरेदी करावी, हे उत्तम.

विम्याविषयी थोडक्यात. घरगुती वस्तूंच्या विम्यातील संयुक्त पॉलिसींमध्ये सायकलीसाठी वेगळे कलम घेता येते. पॉलिसी घरी आधीच असेल, तर ते कलम घेतले आहे काय, घराबाहेर झालेली चोरी त्यात येते काय आणि घसारा किती वजा होतो, हे तीन प्रश्न विमा कंपनीस लेखी विचारावेत. दावा मंजूर झाल्यानंतर मूळ सायकल सापडली, तर तिच्यावरील हक्क सर्वसाधारणपणे कंपनीकडे जातो.

खरेदीच्या दिवशी बिलावर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा, त्याचे व संपूर्ण सायकलीचे छायाचित्र काढून ते स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवावे. नव्या सायकलीच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात व चाकांचे आरेही बसून जातात. म्हणून दीड-दोनशे किलोमीटर झाल्यावर ती एकदा दुकानात नेऊन ब्रेक, गिअर आणि चाके तपासून घ्यावीत. ही पहिली तपासणी पुष्कळ दुकानांत विनामूल्य असते, पण ती बिल दाखवल्यावर मिळते.